सुरतेत मराठी माणूस मोठा झाला, मराठीचे काय?

गेल्या उन्हाळी सुट्टीत सुरतेस आप्तांकडे जाण्याचा योग आला. शहराच्या उत्तरेस अमरोलीला लागून कोसाड आहे. झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांची मोठी आवास वसाहत तेथे आहे. खानदेशातून पोटासाठी आलेली घरेही तेथे भेटली. आम्ही बेळगावकडचे, समितीचे, हे कळताच एका आजोबांनी विचारले, "गुरुजी, आमच्या सी. आर. पाटलांसारखा तुमच्याकडे कोणी झाला का?"

प्रश्न झोंबला खरा.

चंद्रकांत रघुनाथ पाटील यांचा जन्म १६ मार्च १९५५ चा, जळगावकडील पिंप्री अकाराऊतचा. त्या दिवशी जळगाव, सुरत आणि आपले बेळगाव एकाच मुंबई राज्यात होते, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते! १९५६ साली बेळगाव म्हैसूरकडे गेले, १९६० साली सुरत गुजरातेत. पाटलांनी १९७५ मध्ये पोलीस शिपायाची नोकरी धरली आणि १९८९ मध्ये ते भारतीय जनता पक्षात आले. २००९ पासून सलग चार वेळा ते नवसारीतून लोकसभेवर निवडून गेले. २०१९ चे त्यांचे ६,८९,६६८ चे मताधिक्य त्या निवडणुकीत देशात सर्वाधिक ठरले. जुलै २०२० मध्ये ते पक्षाचे गुजरात प्रदेशाध्यक्ष झाले. २०२२ च्या निवडणुकीआधी अरविंद केजरीवाल यांनी भरूचकडील सभेत, अध्यक्षपदाला गुजराती माणूस मिळाला नाही काय, असा सवाल केला. मतदारांनी तो मनावर घेतलेला दिसला नाही. पक्षाला १८२ पैकी १५६ जागा मिळाल्या. जून २०२४ मध्ये पाटील केंद्रात जलशक्ती मंत्री झाले.

(कोसाड मात्र सुरत मतदारसंघात येते. तेथे २०२४ साली निवडणूक बिनविरोध झाली, म्हणजे आजोबांना मत द्यायची वेळच आली नाही.)

आम्ही आजोबांना एवढेच म्हणालो की, पाटील मोठे झाले ते पक्षाच्या बांधणीवर, भाषेच्या मागणीवर नव्हे. खानदेशी माणूस सुरतेस आपल्या पायांनी गेला. आपण कोठेही गेलो नाही; राज्याची हद्द आपल्या अंगणातून गेली. म्हणून उतारे व परिपत्रके मराठीतून मागणे हा आपला हट्ट नाही. तरी एक कबूल केले पाहिजे, परक्या मुलखात मराठी आडनावावर लाखोंचा विश्वास मिळवता येतो, हे पाटलांनी दाखविले. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यांची चिकाटी पाहावी.

सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालविते. आजोबांचा नातू मात्र गुजराती शाळेत जातो. घरात अहिराणी, दारात गुजराती. आम्ही त्याला त्याचे नाव मराठीत लिहावयास सांगितले. पोराने सुबक लिहिले, पण एकाही अक्षरावर रेघ नव्हती. गुजरातीत ती नसतेच. आजोबांनी पेन्सिल घेतली आणि थरथरत्या हाताने वरून रेघ ओढली.