यंत्राला माणसाची हाक कशी समजते?

संकटात सापडलेल्या माणसाचा हात आज प्रथम मोबाइलकडे जातो. घरात पाणी शिरले किंवा जमीन हादरली, की घटकाभरात हजारो लोक चार शब्द लिहून समाजमाध्यमांवर टाकतात. त्यांत खरी हाक असते, थट्टा असते आणि कालची शिळी बातमीही असते. मदत करणाऱ्या पाच-दहा जणांनी हे सारे वाचावयाचे म्हटले तर दिवस पुरणार नाही. आणि छपरावर बसलेल्याला तेवढा वेळ नसतो. म्हणून हे वाचन यंत्राकडून करून घेण्याची विद्या निघाली. तिला नैसर्गिक भाषाप्रक्रिया म्हणतात. गरजूची हाक ऐकणे हेच आपल्या न्यासाचे काम असल्यामुळे या विद्येची ओळख येथे करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

यंत्राला हे ज्ञान उपजत नसते. ते उदाहरणांनी द्यावे लागते. टोकियो विद्यापीठातील ताकेशी साकाकी, माकोतो ओकाझाकी व युताका मात्सुओ यांनी २०१० साली केलेला प्रयोग पाहा. ट्विटरवरील लिखाणावरून भूकंप ओळखावयाचा, असा त्यांचा बेत होता. परंतु ‘भूकंप’ हा शब्द आला म्हणजे भूकंप झालाच असे नाही. ‘आत्ता हलते आहे’ असे लिहिणारा खरोखर धक्का अनुभवीत असतो. ‘मी भूकंप-परिषदेस आलो आहे’ असे लिहिणारा खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो. म्हणून माणसांनी आधी अशा निरोपांची ‘खरे’ आणि ‘इतर’ अशी निवड करून दिली. निरोपात किती शब्द आहेत, मुख्य शब्द कोठे आला, त्याच्या आजूबाजूस कोणते शब्द आहेत, यांचा हिशेब करून यंत्र तीच निवड पुढे आपण होऊन करू लागले. एकाच वेळी असे किती निरोप आले व कोठून आले, हे पाहून ते भूकंपाचे ठिकाणही अजमावी. जपानी मोजमापाने तीन वा अधिक तीव्रतेच्या भूकंपांपैकी शेकडा ९६ या रीतीने ओळखता आले, आणि त्याची सूचना हवामान खात्याच्या घोषणेपूर्वीच नोंदणी केलेल्या लोकांस पोहोचे.

जपानी भाषेचे जाणकार व साधने हाताशी होती, म्हणून हे साधले. ज्या भाषेपाशी असे काही नाही तिचे काय? त्याच वर्षी, १२ जानेवारी २०१० रोजी, हैती देशात ७.० प्रतीचा भूकंप झाला. लोकांनी ४६३६ या क्रमांकावर मोबाइलवरून निरोप धाडले; पण ते बहुतेक हैतीच्या क्रेओल भाषेत, आणि बाहेरून आलेल्या अनेक मदत-पथकांना ती येत नव्हती. तेव्हा देशोदेशी स्थायिक झालेले हैतीचे लोक पुढे आले. दूर बसून त्यांनी हजारो निरोपांचे भाषांतर केले व गल्लीबोळांचे ठावठिकाणे सांगितले. इकडे मायक्रोसॉफ्टच्या अभ्यासकांनी क्रेओलचे भाषांतर-यंत्र पाच दिवसांच्या आत उभे केले. त्यास कार्नेगी मेलन विद्यापीठाने पूर्वी जमवून ठेवलेल्या क्रेओल साहित्याचा उपयोग झाला. विहीर आधी खणलेली होती, म्हणून तहानेच्या वेळी पाणी मिळाले.

मराठीची विहीरही आता खणली जात आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीटांवर अनुकूल, प्रतिकूल वा तटस्थ अशी खूण करून तो संग्रह सर्वांस खुला केला. परंतु आमच्या सीमाभागाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आमच्या घरी दखनी बोलली जाते, शाळेत आम्ही मराठी शिकवितो आणि बाजारात कन्नड चालते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा खोऱ्यातील पुराने कोल्हापूर, सांगली व बेळगाव हे तिन्ही जिल्हे एकदम वेढले. पाण्याने सीमा पाहिली नाही. अशा वेळी कोणी ‘घर में पानी आया, लवकर या, बोट बेकु’ असे लिहिले, तर शेजाऱ्याला ते तत्काळ समजेल. शुद्ध मराठीवर शिकलेले यंत्र मात्र अडखळेल. आजच्या मोठ्या भाषायंत्रांना पूर्वीइतकी उदाहरणे द्यावी लागत नाहीत, हे खरे. तरी त्यांनी लावलेला अर्थ बरोबर की चूक, हे ताडण्यास अशी मिश्र बोली बोलणारा माणूसच लागतो. आपल्या मुलामुलींनी या कामी वेळ दिला तर ती विद्यादानाइतकीच सेवा होईल.

तथापि या विद्येची एक मर्यादा विसरू नये. जो लिहितो त्याचेच यंत्राला ऐकू येते. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळाचा तडाखा बसला, तेव्हा ट्विटरवर सर्वाधिक लिखाण मॅनहॅटनमधून झाले. रॉकअवेसारख्या अधिक हानी झालेल्या किनाऱ्यावरून थोडेच आले. तेथे वीज नव्हती, मोबाइल बंद पडले होते. केवळ निरोप मोजून मदत पाठविली असती, तर ती चुकीच्या दारी गेली असती. शिवाय हे लिखाण खाजगी कंपन्यांच्या हाती असते. २०२३ साली ट्विटरने अभ्यासकांची मोफत वाट बंद केली, आणि अनेक उपयुक्त कामे अडली.

म्हणून पुराच्या दिवसांत आपण दोन गोष्टी कराव्यात. निरोप लिहिताना गाव, वस्ती, माणसे किती, काय हवे आणि वेळ कोणती, हे स्पष्ट लिहावे; जुने निरोप पुन्हा फिरवू नयेत, कारण त्यांनी माणूसही फसतो आणि यंत्रही. संकटग्रस्ताचे नाव व क्रमांक चारचौघांत न टाकता मदत करणाऱ्यांकडेच द्यावा. आणि ज्या वाडीवरून एकही निरोप आला नाही, तेथे न्यासाच्या स्वयंसेवकांनी सर्वांआधी जावे. तेथे मोबाइल बंद असेल, किंवा तेथल्या म्हातारीला लिहिता येत नसेल. तिच्या दाराशी जाऊन विचारपूस करण्याचे काम अजून आपलेच आहे.