आवाज ओळखीचा, माणूस भलताच

२१ जानेवारी २०२४. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हजारो मतदारांचे फोन वाजले. पलीकडून थेट राष्ट्राध्यक्ष बायडन यांचा आवाज! मंगळवारच्या प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असं सांगणारा. प्रत्यक्षात बायडन असं काही बोललेच नव्हते. स्टीव्ह क्रेमर या राजकीय सल्लागाराने एका जादूगाराला दीडशे डॉलर देऊन हा आवाज एआयवर तयार करून घेतला होता. जादूगाराच्या सांगण्याप्रमाणे काम वीस मिनिटांच्या आत झालं, खर्च एक डॉलर! स्क्रीनवर दिसणारा नंबरही खोटाच. तोही बायडन यांच्याच पक्षाच्या, त्या राज्यातल्या एका माजी अध्यक्षांच्या घरचा.

पुढे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने क्रेमरला ६० लाख डॉलर दंड केला. फौजदारी खटल्यातून मात्र तो २०२५मध्ये सुटला. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

२०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करून दाखवली. तेवढा आवाज तर आपल्या कुठल्याही रीलमध्ये सापडतो. आपल्याकडे गायक अरिजित सिंगला स्वतःचा आवाज वाचवायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. जुलै २०२४मध्ये त्याच्या बाजूने अंतरिम आदेश झाला. तुमच्या-आमच्या आईवडिलांनी कुठे जायचं?

म्हणून आजच घरात एक परवलीचा शब्द ठरवा. मुलाच्या आवाजात कुणी रडून पैसे मागितले, तर फोन ठेवा आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन फिरवा.