थंडीतील पहिली किक

तंजावरमध्ये मार्गळी महिना, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, हा थंडीचा मानला जातो. भल्या पहाटे दारोदारी कोलम रेखाटले जाते आणि पावले मंदिराकडे वळतात. तरीही पारा सहसा २० अंश सेल्सिअसच्या आसपासच रेंगाळतो. अशा हवेत स्कूटर पहिल्या-दुसऱ्या किकलाच सुरू होते; चोकची आठवणही होत नाही.

त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात चित्र निराळे असते. तेथे काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकरी शेकोट्या पेटवितात. अंगणातील स्कूटर मात्र किक मारून पाय दुखू लागले तरी दाद देत नाही.

तंजावर आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिरात आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तेथील मराठी कुटुंबे आजही ती भाषा जपून आहेत. अशा घरातील एखाद्या बँक कर्मचाऱ्याची नाशिकला बदली झाली आणि सामानाबरोबर त्याची जुनी स्कूटरही आली, अशी कल्पना करावी. कडाक्याच्या पहिल्याच सकाळी ती हटून बसेल आणि तो मेकॅनिककडे धाव घेईल. वस्तुतः पुष्कळदा बिघाड गाडीत नसतो. बदललेली असते ती हवा.

इंजिनात द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची वाफ. थंडीत पेट्रोलचा थोडाच अंश वाफ होतो, उरलेले थंड भिंतींवर थेंबरूपाने बसते. त्यामुळे ठिणगीपाशी पोहोचणारे मिश्रण विरळ पडते. चोक ओढला की हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि ही उणीव भरून निघते. त्यातच ऑइल घट्ट झालेले असते आणि बॅटरीची शक्तीही थंडीने घटते. चार-स्ट्रोक गाडीच्या ऑइलच्या डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’ असे लिहिलेले असते. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचेच निदर्शक आहे.

म्हणून थंड सकाळी गाडी मेन स्टँडवर घ्यावी, पेट्रोलचा कॉक उघडावा, चोक पूर्ण ओढावा आणि अॅक्सिलरेटर न पिळता शांतपणे किक मारावी. सेल्फ स्टार्टर एका वेळी ५ सेकंदांहून अधिक दाबू नये; मध्ये किमान १० सेकंदांची विश्रांती द्यावी, अन्यथा बॅटरी उतरते. वारंवार प्रयत्नांनी पेट्रोलचा वास येऊ लागला, तर मिश्रण गरजेहून अधिक झाले असे समजावे. तेव्हा चोक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून काही किका माराव्यात. तरीही यश न आल्यास प्लग काढून कोरडा करावा.

१९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकने हे सारे धडे असंख्य घरांना शिकविले. दर लिटर पेट्रोलमागे सुमारे २० मिलिलिटर ऑइल घालणारी आणि सुरू होईना म्हणून गाडी एका कुशीवर कलती करणारी पिढी आजही पुष्कळ घरांत आहे.

इंजिन सुरू झाले की दुसरी कसोटी लागते. काही जण लगेच अॅक्सिलरेटर पिळून गाडी दामटतात; काही जण दहा-दहा मिनिटे ती जागेवरच घुरघुरत ठेवतात. दोन्ही अयोग्य. थंड इंजिनात ऑइल सर्वत्र पोहोचण्यापूर्वी वेग वाढविल्यास झीज होते. उलट जागेवर चालू ठेवल्याने इंजिन फार सावकाश तापते आणि पेट्रोल वाया जाते. अर्धा ते एक मिनिट थांबावे, मग पहिला एखाद-दुसरा किलोमीटर बेताने जावे आणि इंजिन स्थिर चालू लागताच चोक बंद करावा. चोक उघडा राहिल्यास प्लगवर काजळी धरते.

सर्वांत महत्त्वाची दक्षता जिवाची. थंडी वाजते म्हणून दार लावून जिन्याखाली किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी तापवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. तो प्राण घेतो तेव्हाही कळत नाही. गाडी उघड्यावर काढूनच सुरू करावी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली. तेव्हापासून बहुतेक नव्या स्कूटरमध्ये इंधनाचे प्रमाण संगणकीय यंत्रणाच ठरविते आणि चोकचा खटका दिसेनासा झाला. २०२० मध्येच विक्रीस आलेल्या विजेवरील चेतकला तर चोकच नको. तथापि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, आणि नव्या गाडीलाही पहिला किलोमीटर सबुरीचाच हवा.

मध्यमवर्गीय घरात स्कूटर ही पै-पै साठवून किंवा कर्जाचे हप्ते फेडून घेतलेली वस्तू असते. तिचे आयुष्य वाढविणारा हा सकाळचा एक मिनिट कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त आहे. तंजावरच्या त्या गाडीलाही नाशिकची थंडी सोसेल. फक्त तिच्या मालकाने नव्या गावाची हवा ओळखली पाहिजे.