मर्कवूड: 'हॉबिट'मधलं ते जंगल इतकं भयानक का झालं?

टॉल्किनच्या 'द हॉबिट'मध्ये (१९३७) मर्कवूड आलं की अंगावर काटा येतोच. दिवसाढवळ्या काळोख, महाकाय कोळी आणि एक काळा ओढा. त्यात पडलेला बॉम्बर दिवसेंदिवस झोपून राहतो आणि उठल्यावर सगळा प्रवासच विसरतो!

पण हे जंगल मुळात असं नव्हतंच. त्याचं जुनं नाव 'ग्रीनवूड द ग्रेट'. तिसऱ्या युगात, साल १०५०च्या सुमारास सॉरॉनने दक्षिणेला डोल गुल्डूर इथे ठाण मांडलं आणि तिथून जंगलावर सावली पसरत गेली.

मग इथे राहायचं कोण? उत्तरेला राजा थ्रॅन्डुइलचे एल्फ. लेगोलास हा त्याचाच मुलगा. पश्चिमेच्या बाजूला वुडमेन ही साधी माणसं. एल्फ उत्तरेकडे सरकत गेले.

३०१९ साली सॉरॉन संपला. गॅलाड्रिएलने डोल गुल्डूरच्या भिंती पाडल्या आणि जंगलाला नवं नाव मिळालं, एरिन लासगालेन, म्हणजे हिरव्या पानांचं वन.

थोडक्यात, जंगल वाईट नव्हतं. तिथे येऊन बसलेला वाईट होता. बदनाम मात्र जंगल झालं.