पुरवणीचे अर्थशास्त्र

"सर, पंधरा गुणांच्या उत्तराला किती पाने लिहायची?" परीक्षा महिन्यावर आली की हा प्रश्न वर्गात हमखास उभा राहतो. मी अठरा वर्षे अर्थशास्त्र शिकवितो आहे. या काळात अभ्यासक्रम बदलले, सत्रपद्धती आली, श्रेयांक आले. हा प्रश्न मात्र जागचा हललेला नाही. उत्तरात काय असावे हे विचारणारे थोडे, ते किती लांब असावे याची विवंचना बहुतेकांना. त्यांना दोष तरी कसा द्यावा? ज्या वस्तूला भाव मिळतो तिचा पुरवठा वाढतो, हे आम्हीच त्यांना पहिल्या वर्षी शिकवितो. उत्तरपत्रिकेला जोडलेल्या पुरवण्यांना भाव मिळतो असा त्यांचा समज झाला असेल, तर ते पुरवण्याच पुरविणार!

हा समज निराधार आहे, असे छातीवर हात ठेवून मला म्हणवत नाही. दिवसभर गठ्ठे उपसल्यावर दुपारनंतर परीक्षकाचे डोळे ओळी वाचण्याऐवजी ओळी मोजू लागतात. चार पाने भरलेल्या उत्तराला दोन गुण देण्यास मन धजत नाही आणि पाऊण पानात आटोपलेल्या उत्तराला बारा गुण देताना हात अडखळतो. हा हात माझाही आहे. तेव्हा विद्यार्थ्यांच्या पाल्हाळाविषयी आम्ही प्राध्यापकमंडळी चहाच्या वेळी जे विनोद करतो, त्यांत आमची स्वतःची जबाबदारी आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने शेतमालाच्या भावांवरील गृहपाठात पुढील वाक्य लिहिले होते: "शेतमालाच्या किमतींच्या संदर्भात विचार केला असता असे दिसून येते की, शेतकरीवर्गाकडून मोठ्या प्रमाणावर उत्पादन घेण्यात आल्यामुळे बाजारपेठेमध्ये किमतींच्या बाबतीत घट होण्याची प्रक्रिया घडून येत असते." वाक्यात व्याकरणाची चूक नाही. असल्या वाक्याखाली आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. त्या दिवशी मात्र तास रिकामा होता, मी तिला शेजारी बसविले आणि पेन्सिल तिच्याच हाती देऊन म्हटले, "जो शब्द काढल्याने काही बिघडत नाही, तो काढ." 'संदर्भात विचार केला असता' गेले, 'असे दिसून येते की' गेले. 'घट होण्याची प्रक्रिया घडून येते' याचे 'घटते' झाले, आणि मग तिनेच ते खोडून 'पडतात' केले, कारण भाव पडतात, घटत नाहीत. शेवटी उरले ते असे: "उत्पादन वाढले की शेतमालाचे भाव पडतात." पंचवीस शब्दांचे सहा झाले.

त्या सहा शब्दांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पण सर, हे खरं नाही. उत्पादन वाढलं नाही तरी भाव पडतात. उन्हाळ कांदा सगळ्यांचा एकदमच निघतो. ज्याच्याकडं चाळ आहे तो थांबतो. आमच्याकडं चाळ नाही, आणि सोसायटीचं कर्ज फेडायची वेळही तीच."

"अगं, मग हे का नाही लिहिलंस?"

"गाइडात नव्हतं."

साठवणुकीची सोय आणि कर्जाचा तगादा यांमुळे पुरवठ्याची वेळ कशी ठरते, हा कृषी अर्थशास्त्रातील एक कळीचा मुद्दा. तो तिला घरच्या अनुभवाने ठाऊक होता. परंतु पंचवीस शब्दांच्या त्या गोधडीखाली तो नाही, हे तिलाही दिसले नव्हते आणि मलाही दिसले नसते. वाक्य उघडे पडले तेव्हाच ते अपुरे असल्याचे कळले. मग तिने नव्याने लिहिले: "काढणीनंतर कांदा एकाच वेळी बाजारात येतो. ज्या शेतकऱ्याकडे चाळ नाही किंवा ज्याला कर्ज फेडण्याची घाई आहे, त्याला तो मिळेल त्या भावाने विकावा लागतो." हे शब्द मोजले तर तेवीस भरतात. म्हणजे बचत अवघ्या दोन शब्दांची! काटछाट करायची ती कागद वाचविण्यासाठी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा हिशेब जरूर तपासावा.

त्याच गृहपाठात पुढे "कांद्याच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली" असे वाक्य होते. कोणी घातली? केव्हा? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबविली आणि मे २०२४ मध्ये अटी घालून ती पुन्हा खुली केली. 'घालण्यात आली' या रचनेत सरकार कोठेच दिसत नाही. बंदी जणू अवकाळी पावसासारखी आकाशातून पडली. अर्थशास्त्रात निर्णय कोण घेतो आणि त्याची झळ कोणाला लागते, हे दोन प्रश्न टाळले तर मागे फारसे काही उरत नाही. म्हणून 'करण्यात येते', 'घेण्यात आले', 'मानले जाते' अशा क्रियापदांपाशी मी विद्यार्थ्यांना थांबवितो आणि कर्ता शोधावयास सांगतो. तो वाक्यात लिहिलाच पाहिजे असे नाही. पण लिहिणाऱ्याला तो माहीत असला पाहिजे.

ही धाटणी मुलांनी घरून आणलेली नाही. कांद्याविषयी बोलताना त्या मुलीने एकदाही 'प्रक्रिया' म्हटले नव्हते. मराठीला हा विषय पेलत नाही, असेही नव्हे. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९ सालचे. मराठी अर्थविचाराची वाट इतकी जुनी आहे. पुढे १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि राज्यकारभारासाठी मराठी परिभाषा घडविण्याचे मोठे काम झाले. त्या कामाची टवाळी करणाऱ्यांत मी नाही. तथापि इंग्रजी टिपणी समोर ठेवून लिहिलेल्या सरकारी मराठीची वाक्यरचना परिपत्रकांतून पाठ्यपुस्तकांत आली, पाठ्यपुस्तकांतून गाइडांत आणि गाइडांतून उत्तरपत्रिकांत. हा रोग एकट्या मराठीचाही नव्हे. ब्रिटनच्या अर्थखात्याला आपल्या कारकुनी इंग्रजीचा इतका जाच झाला की, त्याच्या विनंतीवरून अर्नेस्ट गॉवर्स यांना 'प्लेन वर्ड्स' ही पुस्तिका लिहावी लागली. ती १९४८ मध्ये निघाली.

आता माझ्या चुकीविषयी. काटछाटीची गोडी लागली की हात आवरत नाही. एका विद्यार्थ्याने "किंमत कमी झाल्याने मागणीचा विस्तार होतो" असे लिहिले होते. मी लाल शाईने 'मागणी वाढते' केले आणि समाधान पावलो. दुसऱ्या दिवशी तो पाठ्यपुस्तक घेऊनच दारात उभा! किंमत उतरल्यामुळे ग्राहक अधिक नग घेतो, तो मागणीचा विस्तार. उत्पन्न वा आवड बदलल्याने त्याच किमतीला अधिक नग घेतो, ती मागणीतील वृद्धी. पहिल्यात आपण त्याच वक्रावर खाली सरकतो, दुसऱ्यात वक्रच जागा सोडतो. मी सोपे करण्याच्या भरात दोन्हींची खिचडी केली होती. मी त्याची वर्गासमोर क्षमा मागितली. दुसऱ्या एकाने, माझेच शिष्यत्व पत्करून, 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द मागणीच्या नियमातून उडविले. वाचताना ते मंत्रासारखे वाटतात हे खरे, पण सारा नियम त्यांच्यावरच उभा आहे. पारिभाषिक शब्द जड असला तरी भार वाहतो. 'च्या दृष्टिकोनातून' आणि 'एक प्रकारे' काहीच वाहत नाहीत. हा फरक भाषेच्या शिक्षकाला दिसेलच असे नाही. तो विषयाच्या शिक्षकानेच दाखवावा लागतो. म्हणून हे काम मराठी विभागाकडे ढकलून मोकळे होण्याची आमची सवय मला पटत नाही.

वर्गात शंभरावर मुले असताना हे जमणार कसे, असे सहकारी विचारतात. सर्व वह्यांची सर्व पाने तपासणे अशक्यच आहे. मी सत्रातून एकदा प्रत्येकाचा एकच परिच्छेद घेतो आणि पेन्सिल ज्याची त्याच्याच हाती ठेवतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मात्र एवढे करावे: प्रश्नाखाली शब्दमर्यादा छापावी आणि ती ओलांडणाऱ्याला जादा गुण मिळणार नाहीत, असे परीक्षकांना लेखी कळवावे. भाव बदलल्याशिवाय पुरवठा बदलावयाचा नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीच विद्यार्थिनी पुन्हा भेटली. "सर, तुम्ही शिकवलंत तसं लिहिलं तर माझं उत्तर दीड पानात संपतं. बाकीचे पुरवण्या घेतील. मी तसंच लिहू ना?" 'लिही' म्हणालो खरा, पण तिची उत्तरपत्रिका कोणत्या केंद्रावर, कोणाच्या हाती आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी पडणार होती, हे मला ठाऊक नव्हते.