बाजारातील वाटा मोजण्याचा तराजू : अनुभवी निर्णयांवर आधारलेली जाळे-विश्लेषण पद्धत

शेतकरी उत्पादक कंपनी कच्चा माल विकण्याऐवजी स्वतःचे पाकीट बाजारात आणण्याचे ठरवते, तेव्हा संचालक मंडळापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो प्रमाणाचा. किती माल दळावा, किती पाकिटे छापावीत, किती खेळते भांडवल गुंतवावे? या साऱ्यांचे उत्तर एकाच आकड्यावर अवलंबून असते. तो आकडा म्हणजे बाजारातील आपला अपेक्षित वाटा. प्रस्थापित उद्योगांकडे मागील अनेक वर्षांच्या विक्रीची आकडेवारी असते. नव्या उत्पादक कंपनीकडे ती नसते. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेनंतर देशभर अशा संस्थांची संख्या वाढली आणि हा प्रश्नही गावोगाव पोहोचला. आकडेवारी नसताना जाणकारांच्या निर्णयांतून वाटा अंदाजण्याची एक शिस्तबद्ध रीत उपलब्ध आहे. ‘ॲनालिटिक नेटवर्क प्रोसेस’ अर्थात जाळे-विश्लेषण पद्धत हे तिचे नाव.

पद्धतीचा उगम

गणितज्ञ थॉमस साटी (१९२६–२०१७) यांनी १९७०च्या दशकात जोडी-तुलनेवर आधारलेली श्रेणी-विश्लेषण पद्धत मांडली. तिच्यात उद्दिष्ट वर, निकष मध्ये आणि पर्याय खाली अशी उतरंड असते. व्यवहारातील अनेक प्रश्न मात्र उतरंडीत बसत नाहीत. दुकानदार जो माल खपतो तोच ठेवतो आणि जो माल दुकानात असतो तोच खपतो. येथे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे काढता येत नाही. अशा परस्परावलंबनासाठी पिट्सबर्ग विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या साटी यांनी पुढे उतरंडीऐवजी जाळे स्वीकारले आणि १९९६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

या पद्धतीच्या अभ्यासात एक अमेरिकन उदाहरण नेहमी दिले जाते. वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट या तीन दुकान-साखळ्यांचा परस्पर वाटा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात केवळ तुलनात्मक निर्णयांवरून काढण्यात आला. जाहिरात, दुकानाचे ठिकाण, ग्राहकांचे गट, मालाचे प्रकार आणि स्वच्छता, मांडणी, वाहनतळ यांसारखी दुकानाची वैशिष्ट्ये असे घटकांचे गट त्यात होते. अंदाज आला सुमारे ६०, २५ आणि १५ टक्के. विक्रीच्या प्रसिद्ध आकड्यांवरून निघालेले प्रमाण होते सुमारे ५५, २६ आणि १९ टक्के. आकडे तंतोतंत जुळले नाहीत. तथापि क्रम अचूक आला आणि अंतरही निर्णय घेण्याइतपत कमी राहिले.

एक काल्पनिक उदाहरण : हळद पुडीचे पाकीट

समजा, एका तालुक्याच्या शहरात पाकीटबंद हळद पुडीचा वार्षिक खप सुमारे ४०० क्विंटल आहे. हळकुंडे आणून गिरणीवर दळून घेणारी कुटुंबे या हिशेबाबाहेर ठेवली आहेत. बाजाराची सीमा अशी आधीच आखून घेणे आवश्यक असते. स्पर्धक तीन आहेत : राष्ट्रीय ब्रँड, स्थानिक मसाला गिरणीचे साधे पाकीट आणि उत्पादक कंपनीचे नवे पाकीट. ग्राहकाची निवड ठरवणारे निकषही तीनच धरू : किंमत, शुद्धतेचा विश्वास आणि दुकानातील उपलब्धता.

आता प्रश्न जोडीजोडीने विचारायचे. ‘किमतीच्या दृष्टीने गिरणीचे पाकीट राष्ट्रीय ब्रँडपेक्षा किती पटीने पसंत पडते?’ उत्तर १ ते ९ या मापावर द्यावयाचे असते. १ म्हणजे दोन्ही समान, ३ म्हणजे किंचित सरस, ५ म्हणजे स्पष्टपणे सरस, ७ म्हणजे फार सरस आणि ९ म्हणजे सर्वतोपरी सरस. मधल्या छटांसाठी सम अंक वापरतात. उलट बाजूचे उत्तर आपोआप व्यस्त होते : ४ चे १/४.

अशा उत्तरांतून पुढील प्रमाण निघाले, असे मानू. किमतीच्या निकषावर राष्ट्रीय ब्रँड १४, गिरणी ५७ आणि उत्पादक कंपनी २९ टक्के. विश्वासाच्या निकषावर अनुक्रमे ५४, १६ आणि ३०. उपलब्धतेच्या निकषावर ६०, ३० आणि १०.

येथवर उतरंड आणि जाळे यांत फरक नाही. खरा फरक पुढच्या प्रश्नात आहे : निकषांना वजन कोणी द्यायचे?

संचालकांचे वजन आणि बाजाराचे वजन

उत्पादक कंपनीच्या संचालकांना स्वतःच्या हळदीच्या शुद्धतेचा सार्थ अभिमान असतो. त्यांनी विश्वासाला ६०, किमतीला ३० आणि उपलब्धतेला अवघे १० टक्के वजन दिले, तर कंपनीचा वाटा २७ टक्के येतो. म्हणजे जवळपास ११० क्विंटल पूड तयार करण्याचा निर्णय होईल.

जाळे-विश्लेषणात वजन असे वरून लादले जात नाही. प्रत्येक स्पर्धकाच्या ग्राहकाला उलट प्रश्न विचारला जातो : ‘हे पाकीट घेण्यामागे किंमत, विश्वास आणि उपलब्धता यांपैकी कशाचा भाग किती?’ समजा, राष्ट्रीय ब्रँडच्या ग्राहकांकडून या तिन्हींचे प्रमाण १:४:४ आले, गिरणीच्या ग्राहकांकडून ४:१:२ आणि उत्पादक कंपनीचे पाकीट वापरून पाहिलेल्या कुटुंबांकडून २:४:१. निकष स्पर्धकांचे मोल ठरवतात आणि स्पर्धक निकषांचे. जाळे ते हेच.

हिशेब फेऱ्यांनी करावा लागतो. आरंभी तिघांचा वाटा समान धरावा. तिन्ही गटांच्या उत्तरांची सरासरी घेतल्यास किमतीला ३२, विश्वासाला ३९ आणि उपलब्धतेला २९ टक्के वजन मिळते. या वजनांनी वरील टक्केवारी गुणून बेरीज केली की वाटा येतो ४३, ३३ आणि २४. दुसऱ्या फेरीत वजने काढताना प्रत्येक गटाचे उत्तर या नव्या वाट्याच्या प्रमाणात धरावयाचे. दुसऱ्या फेरीतच वाटा ४४, ३३, २३ वर येतो आणि पुढे किती फेऱ्या केल्या तरी पूर्णांकात बदलत नाही. निकषांची वजनेही किंमत ३०.४, विश्वास ३७.४ आणि उपलब्धता ३२.२ टक्क्यांवर स्थिरावतात. संचालकांनी १० टक्के मानलेली उपलब्धता बाजाराच्या हिशेबात तिपटीहून अधिक वजनाची ठरते.

कंपनीचा वाटा २३ टक्के, म्हणजे सुमारे ९२ क्विंटल. दोन अंदाजांतील १८ क्विंटलांचा फरक कागदावर लहान दिसतो. गोदामात तो पडून राहणारा माल असतो. हळकुंड नीट वाळवून कोरड्या जागी ठेवल्यास दीर्घकाळ टिकते, पूड मात्र प्रकाश आणि दमटपणाने रंग व वास गमावते. अंदाज अनिश्चित असेल, तेवढा भाग दळण्याऐवजी हळकुंडाच्या रूपात राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

किंमत उतरवावी की दुकाने वाढवावीत?

या पद्धतीचा दुसरा उपयोग पर्याय तपासण्यासाठी होतो. वरील उदाहरणातच दोन उपाय पडताळून पाहता येतात.

पहिला उपाय, पाकिटाची किंमत गिरणीच्या बरोबरीला आणणे. किमतीच्या निकषावरील प्रमाण १:४:४ धरून हिशेब पुन्हा केल्यास कंपनीचा वाटा सुमारे २८ टक्के होतो. दुसरा उपाय, गिरणीइतक्याच दुकानांत पाकीट पोहोचवणे. उपलब्धतेवरील प्रमाण २:१:१ धरल्यास वाटा पुन्हा सुमारे २८ टक्केच येतो.

वाटा सारखा, पण त्याची किंमत सारखी नाही. दर उतरवल्यास जे ग्राहक आधीच जास्त दर देत होते, त्यांच्या पाकिटावरचाही नफा जातो. दुकाने वाढवण्यासाठी वाहतूक, दुकानदाराची दलाली आणि उधारीत अडकणारे पैसे हा खर्च आहे. कोणता खर्च कमी, हे प्रत्येक कंपनीने स्वतःच्या वहीवरून ठरवावे. ‘स्वस्त केले की खपते’ या सवयीच्या समजुतीला येथे दुसरा, तितकाच परिणामकारक पर्याय उभा राहतो, हे महत्त्वाचे.

निर्णय कोणाचे आणि कसे गोळा करावेत?

पद्धतीची विश्वासार्हता उत्तर देणाऱ्यांवर अवलंबून असते. केवळ संचालकांना विचारल्यास उत्तरात आशेचा अंश अधिक येतो. किराणा दुकानदार, स्वयंपाकघराची खरेदी करणाऱ्या स्त्रिया, खानावळचालक आणि घाऊक व्यापारी यांची मते स्वतंत्रपणे घ्यावीत. एकत्र बसवून विचारल्यास मोठ्या आवाजाचे मत सर्वांचे होते.

अनेकांची मते एकत्र करताना साधी सरासरी चालत नाही. एकाने ३ आणि दुसऱ्याने १/३ असे उत्तर दिले, तर दोघे तंतोतंत विरुद्ध आहेत आणि निष्कर्ष १ यावयास हवा. साधी सरासरी मात्र १.६७ देते. म्हणून गुणोत्तरी सरासरी घ्यावी : उत्तरांचा गुणाकार करून, जितकी मते तितके मूळ काढावे.

उत्तरांतील सुसंगतीही तपासावी लागते. वरील उदाहरणात विश्वासाच्या निकषावर राष्ट्रीय ब्रँड उत्पादक कंपनीपेक्षा २ पट आणि उत्पादक कंपनी गिरणीपेक्षा २ पट सरस मानली आहे. त्या न्यायाने राष्ट्रीय ब्रँड गिरणीपेक्षा ४ पट हवा, उत्तर मात्र ३ आले. माणसाच्या निर्णयात एवढी तफावत स्वाभाविक आहे. साटी यांच्या नियमानुसार विसंगती गुणोत्तर ०.१० पर्यंत ग्राह्य धरतात; येथे ते सुमारे ०.०१ भरते. मर्यादा ओलांडली गेल्यास आकडे ओढूनताणून बसवू नयेत. तो प्रश्न उत्तर देणाऱ्यास पुन्हा समजावून विचारावा.

मर्यादा

ही पद्धत स्पर्धकांमधील सापेक्ष वाटा सांगते. एकूण बाजार किती मोठा आहे ते सांगत नाही. वरील ४०० क्विंटलांचा आकडा दुकानदारांच्या खरेदीवरून स्वतंत्रपणेच काढावा लागेल. दुसरे, येणारा वाटा हा बाजार स्थिरावल्यानंतरचा असतो. नव्या पाकिटाला पहिल्याच हंगामात तो मिळेल असे गृहीत धरू नये. तिसरे, एखादा महत्त्वाचा स्पर्धक किंवा निकष सुटला, तर गणित निर्दोष असूनही उत्तर चुकते. घटक वाढले की प्रश्नांची संख्याही झपाट्याने वाढते आणि कंटाळलेल्या माणसाची उत्तरे बेभरवशाची होतात. म्हणून आरंभी तीन-चार स्पर्धक आणि तितकेच निकष पुरेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

वर दाखवलेला हिशेब संगणकावरील साध्या तक्त्यात होतो. मोठ्या जाळ्यांसाठी ‘सुपर डिसिजन्स’ ही संगणक-प्रणाली उपलब्ध आहे. उत्पादक कंपनीने दळणाचा निर्णय घेण्यापूर्वी, हळद काढणीच्या सुमारास, ही प्रश्नावली राबवावी. प्रत्येक उत्तर, उत्तर देणाऱ्याचा व्यवसाय आणि तारीख नोंदवून ठेवावी. हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष विक्री आणि अंदाज शेजारी मांडून पाहावेत. अंदाज कोठे चुकला हे कळले की पुढील वर्षी कोणाला आणि काय विचारायचे तेही कळते. अशा दोन-तीन हंगामांच्या नोंदी जमल्या की जी आकडेवारी आरंभी नव्हती, ती कंपनीच्या स्वतःच्या दप्तरात तयार झालेली असेल.