सारथ्याची पहिली नोकरी

गतवर्षीच्या दिवाळीत आमच्या कोडोलीतील एका सुशिक्षित एकत्र कुटुंबात मोठा पेच उत्पन्न झाला. घरात तीन पिढ्या शिक्षकी, कारकुनी आणि पोस्टातील नोकरी यांखेरीज दुसरा व्यवसाय नाही. धाकट्या पातीचा चिरंजीव वाणिज्य शाखेचा पदवीधर. दोन वर्षे अर्जांवर अर्ज करून थकल्यावर त्याने एके दिवशी पंगतीत जाहीर केले की, आपण ट्रक चालविणार. थोरल्या काकांचा घास हातातच राहिला, वडिलांनी मान खाली घातली, आणि ऐंशीच्या घरातील आजींनी एवढेच विचारले, "मग रात्रीचा जेवशील कुठे रे?" दुसऱ्या दिवशी काका आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, तो तुमच्या हाताखाली शिकलेला आहे. चार गोष्टी समजावून सांगा." आम्ही सांगावयास गेलो खरे, परंतु त्याचेच म्हणणे ऐकून परत आलो. त्या निमित्ताने वर्षभरात या धंद्याची जी माहिती आम्हांस झाली, ती ज्यांच्या घरी उद्या असाच पेच पडेल त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहो.

प्रथम काकांच्या आक्षेपाचा विचार करू. हे काम आपल्यासारख्यांचे नव्हे, असे ते म्हणत. महाभारतातील नलोपाख्यान ज्यांनी वाचले आहे त्यांना आठवेल की, राज्य गेल्यावर निषधराज नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे गेला, आपणांस अश्वविद्या येते असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि वेतन ठरवून सारथ्याची चाकरी पत्करली. साक्षात् भगवंतांनी अर्जुनाचे घोडे हाकले, हे तर सर्वश्रुतच आहे. आजच्या सरकारनेही परवाने देणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस "सारथी" हेच नाव दिले आहे. तेव्हा प्रश्न कामाच्या प्रतिष्ठेचा नव्हे. ते काम मिळते कसे आणि मिळाल्यावर माणूस त्यात सुखरूप राहतो कसा, हाच खरा प्रश्न होय.

परवान्याची वाट सरळ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परिवहन वाहन चालविणाऱ्याचे वय किमान २० वर्षे असावे लागते, आणि त्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असल्याखेरीज जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला व मान्यताप्राप्त वाहनचालन शाळेचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. आमच्या या विद्यार्थ्याजवळ मोटारीचा परवाना होताच. कोल्हापूरच्या कार्यालयात परीक्षा देऊन होळीच्या सुमारास त्याने जड वाहनाचाही परवाना मिळविला, आणि आता नोकरी हाती आलीच असे समजून तो शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत हिंडू लागला.

येथे त्याची गाठ न्यायशास्त्रातील जुन्या बीजांकुरन्यायाशी पडली. प्रत्येक मालक विचारी, "किती वर्षे गाडी चालवली?" अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! नवशिक्याला हा अन्याय वाटतो. परंतु मालकाच्या जागी बसून पाहिले म्हणजे त्याची भीती कळते. गाडीची किंमत लाखांच्या घरात, तीवर कर्जाचे हप्ते, आत परक्याचा माल. एवढे सारे तो कालपर्यंत न पाहिलेल्या मुलाच्या हाती सोपवितो. चालकाच्या परवान्यात काही उणे निघाले तर विम्याची भरपाईही अडते. म्हणून जो मालक चौकशी न करता किल्ली हाती देतो, त्याच्याविषयीच अधिक सावध असावे.

हे आम्ही अनुभवाने लिहीत आहो. एका मालकाने या मुलास "आधी हात बघू" असे म्हणून सहा आठवडे विनावेतन राबविले, परवान्याची मूळ प्रत अडकवून ठेवली, आणि अखेर दुसरा माणूस नेमला. ती प्रत परत आणण्यासाठी काकांना दोनदा जावे लागले. दुसऱ्याने गाडी दिली, पण पहिल्याच दिवशी क्षमतेहून कितीतरी अधिक वाळू भरली. मुलाने हिशेब मांडला. तीन आसांच्या, म्हणजे दहाचाकी, गाडीचे मालासह एकूण वजन २०१८ च्या सुधारित मर्यादेप्रमाणे २८.५ टन; त्यापुढे गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये. "दंड मी बघतो," असे मालक म्हणाला. "आणि घाटात ब्रेक लागला नाही तर?" असे विचारून मुलाने किल्ली परत केली. त्यानंतर महिनाभर तो घरी बसून होता. काका टोमणे मारीत, वडील गप्प असत, आणि आजी रोज तिन्हीसांजेस त्याच्यापाशी येऊन बसत. एवढे शिकलेला मुलगा या धंद्यासही नालायक ठरला काय, अशी शंका त्या दिवसांत आम्हांसही स्पर्शून गेली, हे आम्ही लपवीत नाही.

वाट निघाली ती दारातूनच. आमचे गाव वारणेच्या काठच्या ऊस-दुधाच्या मुलखात. तात्यासाहेब कोरे यांनी पन्नाशीच्या दशकात वारणानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, पुढे दूध संघ आला, आणि माळावर एक नगरच वसले. जेथे ऊस आणि दूध तेथे वाहतूक ही आलीच. मोठ्या वाहतूक कंपन्यांचे दरवाजे ठोठावण्यापूर्वी नवशिक्याने अशी जवळची, ठराविक मार्गाची कामे पाहावीत. गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्यांवर माणसांची निकड असते. खेपा लहान असतात, रस्ता पायाखालचा असतो. दुधाच्या कॅनच्या गाड्या तर बारा महिने, सकाळ-संध्याकाळ चालतात. शिवाय ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या माणसास एकूण ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविण्यास वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. लोक ज्याला "छोटा हत्ती" म्हणतात त्या गाडीपासून आरंभ करण्यास त्यामुळे कायद्याची हरकत उरलेली नाही.

आमच्या विद्यार्थ्यास दुधाच्या अशाच एका लहान गाडीवर काम मिळाले. पहाटे साडेतीनला उठावयाचे, गावोगावचे कॅन घ्यावयाचे, आणि दूध नासण्यापूर्वी पोहोचवावयाचे. चार महिन्यांत एकदाही उशीर झाला नाही. ही बातमी अर्जावर लिहावी लागली नाही. चहाच्या टपरीवरून ती आपोआप पसरली. या धंद्यात शिफारसपत्र म्हणतात ते हेच. त्यातूनच एका वयस्क चालकाने त्यास आपल्या दहाचाकीवर दुसरा माणूस म्हणून घेतले.

ट्रकवरील मदतनिसाला या धंद्यात "किन्नर" म्हणतात. हा मूळच्या इंग्रजी क्लीनर शब्दाचा अपभ्रंश. परंतु आमच्या डोळ्यांपुढे कुबेराच्या दरबारातील गाणारे किन्नर उभे राहिले आणि हसू आले. या किन्नराचे काम मात्र गाण्याचे नव्हे. वस्तादाने पहिले पंधरा दिवस चाकाला हात लावू दिला नाही. ताडपत्री ओढणे, रस्सा आवळणे, टायर ठोकून हवा ओळखणे, पाणी व तेल पाहणे, बिल्टीवरील नग मोजून घेणे, गाडी मागे घेताना खाली उतरून इशारा करणे, एवढेच. पुढे मोकळ्या माळावर गाडी मागे घेण्याचा सराव, मग महामार्ग, आणि सर्वांत शेवटी घाट. रत्नागिरीस जाताना आंबा घाटाच्या माथ्यावर वस्तादाने सांगितले, "ज्या गिअरने चढशील त्याच गिअरने उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलंस, तर मी इथंच उतरतो." याचे कारण साधे आहे. गिअर काढून घेतला की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो.

नोकरी ठरविताना ज्या गोष्टी विचारून घ्याव्यात त्याही सांगतो. पगार किती, फेरीचा भत्ता किती व तो केव्हा मिळणार. दंड कोणी भरावयाचा. गाडीचा विमा, योग्यता प्रमाणपत्र व परवाना चालू आहेत ना. अपघात झाल्यास घरी काय मिळेल. हे कागदावर घ्यावे. मूळ परवाना कोणाच्याही स्वाधीन करू नये, प्रत द्यावी. आणि झोपेविषयी बोलण्यास लाजू नये. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सामान्यतः दिवसाचे ८ व आठवड्याचे ४८ तास ठरविले होते. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला. कायद्याचे नाव काहीही असो, दोन रात्री जागलेल्या माणसाचे डोळे तिसऱ्या रात्री मिटतात, हा निसर्गाचा नियम कोणत्याही मालकास बदलता येत नाही. शिकलेल्या मुलास एक दार अधिक उघडे आहे, तेही सांगतो. पेट्रोल, वायू, रसायने यांसारख्या धोकादायक मालाच्या गाड्यांसाठी चालकास आपल्या भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावी लागते आणि खास प्रशिक्षण घ्यावे लागते. तेथे पदवी वाया जात नाही.

यंदाच्या दसऱ्यास त्याच्या स्वाधीन पहिली गाडी झाली. माल गुळाचा, मुक्काम पुण्याचा. निघताना आजींनी हातावर दही घातले आणि दशम्यांचा डबा दिला. रात्रीच्या जेवणाचा आपला प्रश्न त्यांनी अशा रीतीने आपणच सोडविला. काका ओसरीवरून उठले नाहीत. परंतु रात्री दहाला, नंतर साडेअकराला आणि पुन्हा पहाटे, गाडी कोठवर आली हे दूरध्वनीवर विचारणारे तेच होते. खंबाटकीचा घाट ओलांडल्याचे कळल्यावरच ते निजले, असे वडिलांनी आम्हांस सांगितले.

ज्या घरी असा मुलगा असेल त्या घरास आमची एवढीच विनंती आहे. त्याला परवाना सरकार देईल, विद्या वस्ताद देईल, पगार मालक देईल. परंतु जड भरलेल्या गाडीची किल्ली परत करण्याचे बळ त्याला घरातूनच मिळावे लागते. किल्ली परत करून आलेल्या मुलास टोमणे ऐकावे लागले, तर पुढच्या वेळी तो किल्ली परत करणार नाही. असा मुलगा घरी आला म्हणजे त्याला आधी जेवावयास वाढावे. बाकीचे बोलणे मागाहून.